पाणथरीतला १४ मिलिमीटरचा ठिपका

पत्र: डॉक्टर, माझी मुलगी सात वर्षांची आहे, दुसरीत शिकते. महिन्यापूर्वी तिच्या बेंबीभोवती सारखं दुखत होतं. अपेंडिक्स असेल म्हणून सोनोग्राफी केली. अपेंडिक्स ठीक निघालं, पण रिपोर्टात 'स्प्लीनमध्ये १४ × १२ मिमीचा हायपोएकोइक लीजन' आणि शेवटी 'स्प्लीनिक सिस्ट, कॉन्ट्रास्ट सीटी करावा' असं लिहिलंय. आतड्याजवळ गाठी आहेत असंही आहे. माझ्या भावाने मोबाइलवर वाचून लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर, असेल असं सांगितलं. तेव्हापासून घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. दीर म्हणतात, उद्याच पुण्याला जाऊन सीटी करू, पैशाचं मी बघतो. शेजारच्या काकू म्हणतात, सुई घालून पाणी काढलं की मोकळं. मुलीचं दुखणं आता थांबलंय, ताप नाही, जेवते, शाळेत जाते. आमची मेंढरं आहेत, दारात कुत्रा आहे. गेल्या मे महिन्यात ती सायकलवरून पडली होती, हँडल पोटात लागलं होतं. त्याचा काही संबंध असेल का? रिपोर्टाची झेरॉक्स आणि फिल्मचा फोटो पाठवते. मुलगी विचारते, 'आई, माझ्या पोटात काय आहे?' आणि आम्ही सगळे गप्प होतो.
एक आई, माण तालुका

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही मधेच लिहून पुढे निघून गेलात. दुखणं थांबलंय, ताप नाही, जेवते, शाळेत जाते. मी लहान मुलांची सोनोग्राफी करते. दिवसभर पडद्यावरचे काळे-पांढरे ठिपके बघते, आणि तरीही सांगते की पाणथरीतल्या, म्हणजे स्प्लीनमधल्या, ठिपक्याचा निम्मा अर्थ टेबलावर झोपलेल्या लेकराकडे बघूनच लागतो. तेव्हा आधी तुमच्या मनातल्या भीतीबद्दल बोलते. या रिपोर्टात कॅन्सर आहे असं कुठेही लिहिलेलं नाही. तुम्ही जे कळवलंय त्यावरून मलाही तसा संशय फारच कमी वाटतो. उद्याच्या उद्या सीटी करण्याचं कारण मला दिसत नाही. आणि सुई मात्र कुणालाही घालू देऊ नका. का, ते पुढे सांगते.

'लीजन' हा शब्द ऐकून घरं हादरतात, हे मी रोज बघते. आमच्या कामात लीजन म्हणजे आजूबाजूपेक्षा वेगळा दिसणारा भाग, एवढंच. पाण्याची पिशवी असो, जुना मार असो, रक्तवाहिन्यांचा गुंता असो की जंतुसंसर्गाचा ठिपका, सगळ्यांना तोच शब्द. नाव ठरवता आलेलं नसतं तेव्हाच रिपोर्टात तो येतो. घरी पोचेपर्यंत त्याची 'गाठ' होते, आणि गाठ म्हटलं की आपल्याकडे पुढचा शब्द ठरलेला असतो.

तुम्ही पाठवलेला फिल्मचा फोटो मी मोठा करून पाहिला. कोपऱ्यात खोली १५ सेंटीमीटर दिसते, आणि चित्र पंख्यासारखं पसरलेलं आहे. म्हणजे तपासणी गोल तोंडाच्या मोठ्या प्रोबने, पोटावर फिरवतात त्या यंत्राने, झाली. डॉक्टर शोधत होते अपेंडिक्स, ते उजवीकडे खाली असतं. पाणथरी डावीकडे, फासळ्यांच्या आड. त्यांनी जाता जाता तिच्यावरूनही प्रोब फिरवला आणि ठिपका पकडला, हे त्यांनी चांगलं केलं. पण पंधरा सेंटीमीटरच्या चित्रात सात वर्षांच्या मुलीची पाणथरी एका कोपऱ्यात बसते, आणि तिच्यातला १४ मिमीचा ठिपका हरभऱ्याएवढा दिसतो. त्या हरभऱ्याच्या आत पाणी आहे की मांस, हे त्या चित्रावरून मलाही सांगता येत नाही.

रिपोर्टातला घोळ इथूनच आलाय. वर 'हायपोएकोइक' म्हटलंय, खाली 'सिस्ट'. सिस्ट म्हणजे पिशवी. तिच्यात स्वच्छ पाणी असेल तर ती सोनोग्राफीत पूर्ण काळी दिसते, तिच्या कडा रेखीव असतात आणि तिच्या मागचा भाग उजळतो, कारण पाण्यातून आवाजाची लाट अडथळ्याशिवाय पुढे जाते. हायपोएकोइक म्हणजे नुसतं काळसर, करडं. ते घट्ट पाणी असू शकतं, जुनं रक्त असू शकतं, भरीव भागही असू शकतो. स्वच्छ पाण्याची सिस्ट आणि हायपोएकोइक, हे दोन्ही एकाच ठिपक्याला एकदम लागू पडत नाहीत. त्यातलं खरं कोणतं, हे ठरवणं ही पहिली पायरी आहे, आणि त्याला सीटी लागत नाही. लागतो तो पट्टीसारख्या सरळ तोंडाचा, जास्त फ्रिक्वेन्सीचा प्रोब, रक्तप्रवाह बघायला डॉपलर, आणि मुलांची सवय असलेला, फक्त पाणथरीसाठी दहा मिनिटं देणारा डॉक्टर. मुलं बारीक असतात, पोटावर चरबी कमी असते, त्यामुळे असा प्रोब त्यांच्यात जे दाखवतो ते मोठ्यांच्यात दाखवू शकत नाही. सोनोग्राफीत सीटीसारखे किरण नाहीत, भूल नाही, हवी तितक्यांदा करता येते. मुलांच्या पोटाची तपासणी तिथूनच सुरू करायची, ही आमच्या शाखेची पक्की रीत आहे.

त्याच रिपोर्टात पाणथरीची लांबी ८.९ सेंटीमीटर लिहिलीय. सहा वर्षांच्या मुलात साधारण ९.५ आणि आठ वर्षांच्या मुलात १० सेंटीमीटरपर्यंत लांबी नेहमीची समजतात. म्हणजे तुमच्या लेकीची पाणथरी वाढलेली नाही. घरात कुणी 'पाणथरी सुजलीय' म्हणत असेल तर ते चूक आहे. आणि आतड्याजवळच्या गाठी, ज्यांनी तुमच्या भावाला लिम्फोमापर्यंत नेलं, त्या ५ ते ६ मिमीच्या, लांबट आकाराच्या आहेत. आडव्या मापात ८ मिमीपेक्षा कमी असलेल्या अशा गाठी धडधाकट मुलांच्या पोटात सर्रास दिसतात. सर्दी-खोकला, जुलाब झाल्यावर त्या थोड्या फुगतात, आणि तिचं बेंबीभोवतीचं दुखणं बहुधा त्यांचंच किंवा साध्या बद्धकोष्ठतेचं असावं. पाणथरीतला एवढासा ठिपका दुखत नाही. तो दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत सापडला. भावाने काळजीपोटीच वाचलं, त्याला बोल लावू नका. पण लिम्फोमा पाणथरीत असतो तेव्हा बहुतेक वेळा अनेक ठिपके असतात, पाणथरी मोठी असते, मानेत, काखेत, पोटात मोठ्या गाठी असतात, आणि मूल उतरलेलं असतं. वजन घटतं, ताप जात नाही, रात्री घामाने कपडे भिजतात. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही.

मग हा ठिपका असू शकतो तरी काय? तुम्ही सायकलचं आणि मेंढरांचं लिहिलंत म्हणून तुमचे मनापासून आभार. ही दोन वाक्यं कुठल्याही मशीनमध्ये दिसली नसती.

सायकलचं हँडल पोटात लागणं ही लहान मुलांच्या पाणथरीला मार बसण्याची अगदी ओळखीची तऱ्हा आहे. आत थोडं रक्त साकळतं, मूल दोन दिवस कुरकुरतं आणि खेळायला पळतं. पुढच्या काही महिन्यांत त्या रक्ताचं पाणी होतं आणि एक पिशवी मागे राहते. तिला आतून स्वतःचं अस्तर नसतं, म्हणून आम्ही तिला खोटी सिस्ट म्हणतो. ती लहान असेल तर नुसती लक्ष ठेवून सोडून देतात. काही मुलांत अस्तर असलेली सिस्ट जन्मापासूनच असते आणि अशीच अचानक कुठल्यातरी तपासणीत सापडते.

मेंढरं आणि कुत्रा म्हटल्यावर मला हायडॅटिडचा विचार करावाच लागतो. हा एका बारीक फीतकृमीचा आजार. कृमी राहतो कुत्र्याच्या आतड्यात, त्याची अंडी विष्ठेतून मातीत, गवतात, कुत्र्याच्या केसांना लागतात. मेंढरू चरताना ती गिळतं आणि त्याच्या लिव्हरमध्ये, फुप्फुसात पाण्याच्या पिशव्या होतात. मेंढरू कापल्यावर ते टाकलेले भाग कुत्र्याने खाल्ले की चक्र पुरं झालं. कुत्र्याला कुरवाळून हात न धुता भाकरी खाल्ली की माणूस या चक्रात मधेच अडकतो. माणसात या पिशव्या सगळ्यात जास्त लिव्हरमध्ये, त्याखालोखाल फुप्फुसात होतात. नुसती पाणथरीत होणं विरळाच. म्हणून पुढच्या सोनोग्राफीत लिव्हर कोपरान् कोपरा बघायला सांगा, आणि छातीचा एक साधा एक्स-रे काढून घ्या. हायडॅटिडच्या पिशवीला दुहेरी भिंत दिसू शकते, आत लहान लहान पिशव्या दिसू शकतात, कधी आतली पातळ त्वचा सुटून पाण्यात तरंगताना दिसते. असं काही दिसलं तर रक्ताची तपासणीही करतात, पण ती निगेटिव्ह आली म्हणून हायडॅटिड नाही असं होत नाही.

आता सुईचं. हायडॅटिडच्या पिशवीला तयारीशिवाय टोचलं तर आतलं पाणी पोटात सांडतं. त्या पाण्याची अॅलर्जी इतकी तीव्र येऊ शकते की रक्तदाब कोसळून जिवावर बेतावं, आणि त्यातले कण पोटभर पसरून नव्या पिशव्या धरतात. हायडॅटिड नसला तरी पाणथरी म्हणजे रक्ताने भरलेला स्पंज आहे. तिला सुई लावायचा निर्णय मोठ्या रुग्णालयात, ऑपरेशनची तयारी हाताशी ठेवून, आणि दुसऱ्या कुठल्याच वाटेने उत्तर मिळत नसेल तेव्हाच घेतात. काकूंना नम्रपणे नाही म्हणा.

ठिपका भरीव निघाला तर? तरी घाबरायचं कारण लगेच येत नाही. रक्तवाहिन्यांचा गुंता, म्हणजे हिमॅन्जिओमा, ही पाणथरीतली सगळ्यात जास्त आढळणारी साधी गाठ. हॅमार्टोमा म्हणजे पाणथरीचाच मालमसाला, फक्त विस्कटून रचलेला. डॉपलरवर त्यात रक्त खेळताना दिसतं. दोन्ही कॅन्सर नाहीत. ताप असता आणि एकाऐवजी बारीक बारीक अनेक ठिपके असते, तर मी टीबी, टायफॉइड, मांजराच्या ओरखड्यातून होणारा संसर्ग हे विचारलं असतं. घरात कुणाला पंधरा दिवसांवर खोकला असेल तर तेवढं मात्र डॉक्टरांना सांगा. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडच्या वाचकांनी अशा रिपोर्टाच्या वेळी आधी मुलाची सिकलसेलची, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात त्या आजाराची, तपासणी झालीय का ते बघावं. त्या आजारात पाणथरीचे तुकडे रक्तपुरवठ्याअभावी मरतात, आणि ते पाचरीच्या आकाराचे डाग सोनोग्राफीत ठिपके म्हणूनच दिसतात.

दिरांना सीटीबद्दल काय सांगायचं? त्यांचा जीव तुटतोय म्हणूनच ते पैसे काढायला तयार झालेत, तेव्हा त्यांना आकड्यानेच सांगा. नऊ युरोपीय देशांत, तरुण वयात सीटी झालेल्या नऊ लाखांवर लोकांचा मागोवा घेतला गेला, आणि त्याचे निष्कर्ष २०२३ साली आले. दहा हजार मुलांचा एकेक सीटी केला तर पुढच्या बारा वर्षांत त्या किरणांमुळे एक किंवा दोघांना रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो, असा तो हिशेब आहे. गरज असेल तिथे हा धोका काहीच नाही. डोक्याला मार लागलेल्या, पोटात रक्तस्राव होत असलेल्या मुलाचा सीटी मी एक मिनिटही लांबवणार नाही. पण खेळत्या-जेवत्या लेकीच्या १४ मिमीच्या ठिपक्यासाठी, दहा मिनिटांची चांगली सोनोग्राफी करायच्या आधी, तो धोका का घ्यायचा?

आणखी एक गोष्ट आहे, ती मी स्वतः चुकून शिकले. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका मुलाचा सीटी माझ्यासमोर आला. इंजेक्शनचं औषध गेल्यावर वीस-पंचवीस सेकंदांत काढलेली चित्रं होती. पाणथरीत काळे-पांढरे पट्टे, झेब्र्याच्या अंगासारखे. मी 'पाणथरीत अनेक लीजन' असा रिपोर्ट लिहिला. दुसऱ्या दिवशी माझ्या वरिष्ठांनी मला सोनोग्राफीच्या खोलीत नेलं, त्या मुलाच्या पोटावर प्रोब ठेवला आणि काही न बोलता पडदा माझ्याकडे वळवला. पाणथरी एकसारखी, निखळ. पाणथरीच्या काही भागांतून रक्त झरझर जातं, काहींतून सावकाश झिरपतं, म्हणून पहिल्या अर्ध्या मिनिटात निरोगी पाणथरीही पट्टेरी दिसते. साधारण सत्तर सेकंदांनी ती एकसारखी होते. हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि तरी चुकले. त्या मुलाची आई रात्रभर बाकावर बसून होती. तिची मी माफी मागितली, पण तिची ती रात्र मला परत देता आली नाही. म्हणून पुढे कधी सीटी करायची वेळ आलीच तर केंद्रावर दोन गोष्टी नक्की विचारा. मशीनवर मुलांसाठी किरण कमी ठेवणार का, आणि चित्रं एकदाच, औषध गेल्यावर साधारण सत्तर सेकंदांनी काढणार का? मोठ्या माणसांसारखे तीन-तीन फेरे मुलांना मारायचे नसतात. प्रत्येक फेरा म्हणजे नवे किरण.

भरीव भाग निघाला आणि नाव ठरत नसेल तर माझी पसंती एमआरआयला आहे. त्यात किरण नाहीत. लहान बाळांना त्यासाठी भूल लागते, पण सात वर्षांची समजूतदार मुलगी सराव करून घेतला तर भुलीशिवाय झोपते. घरी पलंगाखाली आडवं करून, कानावर हात ठेवून, 'मोठा ढोल वाजेल, हलायचं नाही' असा खेळ दोन दिवस खेळलात तरी पुष्कळ.

'पाणथरी काढून टाकली की संपलं' असंही कुणीतरी सुचवेल. त्याला ठाम नकार द्या. न्यूमोकॉकससारख्या जंतूंना रक्तातून गाळून काढायचं काम पाणथरी करते. ती काढलेल्या मुलाला साध्या तापाने काही तासांत अत्यवस्थ व्हायची भीती आयुष्यभर राहते, आधी लसी आणि नंतर औषधं लागतात. मोठ्या सिस्टचंही ऑपरेशन करताना आता सर्जन पाणथरीचा जमेल तेवढा भाग वाचवतात.

तर या आठवड्यात मुलीला घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. ते वजन बघतील, मान-काख-जांघ चाचपतील, पोट तपासतील. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि रक्ताची स्लाइड करा, ती फार बोलकी असते. मग मुलांची सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांकडून पाणथरीची नीट तपासणी करून घ्या. सातारा किंवा पुणे, जिथे सोय असेल तिथे, पण पंधरा दिवसांत. माप तिन्ही बाजूंनी लिहून घ्या. साधी सिस्ट निघाली तर तीन महिन्यांनी पुन्हा, आणि माप तेवढंच असेल तर त्यानंतर सहा महिन्यांनी, असं मी तरी सुचवीन. हायडॅटिड ठरला तर बालशल्यचिकित्सकांकडे जावं लागेल. त्यावर आल्बेंडाझोल देतात, म्हणजे शाळेत जंतांसाठी देतात तेच औषध, पण ते एका गोळीचं काम नाही. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, लिव्हर तपासत तपासत बरेच दिवस चालतं. स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

शाळा, धावणं, लंगडी सगळं चालू ठेवा. कबड्डीसारखे अंगावर येणारे खेळ तेवढे पुढच्या सोनोग्राफीपर्यंत थांबवा, आणि सायकलही. पोटाला मार लागून ती पांढरीफटक पडली, डाव्या खांद्यात दुखतंय म्हणाली, घेरी आली, किंवा अंगभर गांधी उठून धाप लागली, तर कुणाला विचारत न बसता जवळच्या रुग्णालयात पोचा. अंगावर निळे डाग, उतरत नसलेला ताप, कमी होणारं वजन दिसलं तर सोनोग्राफीच्या तारखेची वाट बघू नका.

कुत्र्याचंही याच आठवड्यात करा. गुरांच्या दवाखान्यात त्याला प्राझिक्वांटेलची गोळी मिळेल, ती परत कधी द्यायची ते विचारून घ्या. मेंढरू कापलं तर आतले भाग त्याला घालू नका, खोल पुरा. कुत्र्याला हाकलू नका, पोरगी रडेल, आणि त्याचा दोष नाही. हात साबणाने धुऊनच जेवायला बसायचं, एवढा नियम घरातल्या सगळ्यांनी पाळा.

आणि ती विचारते तेव्हा गप्प राहू नका. मुलं आपल्या गप्प बसण्यातून आपण सांगू त्याहून वाईट गोष्ट ओळखतात. तिला सांगा, 'तुझ्या पोटात डाव्या बाजूला पाणथरी असते, तिच्यात एक छोटा ठिपका दिसलाय. तो काय आहे ते डॉक्टर परत नीट बघणार आहेत. त्या तपासणीत सुई नाही. पोटावर गार गार जेल लावतील आणि टीव्हीसारखं चित्र दिसेल.' डॉक्टरांना म्हणावं, पडदा जरा तिच्याकडेही वळवा. माझ्याकडे येणारी पोरं सोनोग्राफी चालू असताना स्वतःच्या किडन्या मोजतात.